जुनी गाडी पीयूसीत पुन्हा पुन्हा नापास होते तेव्हा

गाडी वीस-पंचवीस वर्षांची, कार्ब्युरेटरची (हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा जुन्या पद्धतीचा भाग). पीयूसीला नेली की सीओ (कार्बन मोनॉक्साइड) मर्यादेच्या वर. मेकॅनिक मिक्श्चरचा (पेट्रोल कमीजास्त करणारा) स्क्रू आत पिळतो, सीओ खाली येतो, प्रमाणपत्र हातात पडतं. परतीच्या वाटेवरच गाडी सिग्नलला बंद पडायला लागते, पिकअप जातो, सकाळी स्टार्ट व्हायला त्रास देते. म्हणून दोन दिवसांनी स्क्रू पुन्हा होता तिथे. सहा महिन्यांनी परत तेच. ज्यांच्या घरी जुनी गाडी आहे त्यांना हे चक्र तोंडपाठ असतं.

आमच्या घरच्या १९९८ सालच्या पेट्रोल कारवर मी या चक्रात दोन वर्षं घालवली. त्यातून जे कळलं ते इथे लिहितो. एक गोष्ट आधीच सांगतो, कारण बहुतेक लोक तिथेच चुकतात: गाडी कुठल्या मर्यादेत तपासली जातेय हे पक्कं झाल्याशिवाय इंजिनाला हात लावू नका.

मर्यादा कुठली, हे आधी बघा

"आता बीएस सहा आलं, जुनी इंजिनं कशी पास होणार?" हे वाक्य मी पीयूसीच्या रांगेत कितीतरी वेळा ऐकलंय. ते चूक आहे. भारत स्टेजची, म्हणजे बीएसची, मानकं नव्या गाडीला विक्रीची मान्यता देताना लागतात. तिथे गाडी रोलर्सवर ठरावीक पद्धतीने चालवून दर किलोमीटरला किती ग्रॅम प्रदूषण बाहेर पडतं ते मोजतात. पीयूसी ही रस्त्यावरच्या गाडीची साधी तपासणी आहे. पेट्रोल गाडीत आयडलवर (उभ्या गाडीत रेस न देता) सीओ टक्क्यांत आणि एचसी (हायड्रोकार्बन, म्हणजे न जळलेलं इंधन) पीपीएममध्ये, म्हणजे दहा लाखांत किती भाग असं, मोजतात, नायट्रोजनची ऑक्साइड्स यात बघितलीच जात नाहीत. आणि गाडी ज्या काळात बनली त्या काळाचीच मर्यादा तिला लागते. नवं मानक आलं म्हणून जुन्या इंजिनाची मर्यादा घट्ट होत नाही.

केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या ११५ व्या नियमात हे आकडे आहेत. पेट्रोलच्या चारचाकीसाठी: बीएस दोनच्या आधीची गाडी असेल तर सीओ ३ टक्के आणि एचसी १५०० पीपीएम. बीएस दोन आणि तीन असेल तर सीओ ०.५ टक्के, एचसी ७५० पीपीएम. बीएस चारपासून सीओ ०.३ टक्के आणि एचसी २०० पीपीएम. शिवाय २५०० आरपीएमच्या आसपास रेस धरून दुसरं मोजमाप घेतात, तिथे सीओ ०.२ टक्के आणि लॅम्डा (हवा आणि पेट्रोलचं प्रमाण, १ म्हणजे नेमकं) ०.९७ ते १.०३ च्या दरम्यान हवा.

दुचाकी आणि तीनचाकीला रेषा ३१ मार्च २००० ला आखलेली आहे. त्याआधी बनलेल्या गाडीला सीओ ४.५ टक्के, एचसी ९००० पीपीएम. त्यानंतरच्या टू-स्ट्रोकला ३.५ टक्के आणि ६००० पीपीएम, फोर-स्ट्रोकला ३.५ टक्के आणि ४५०० पीपीएम. टू-स्ट्रोकला एचसीची सवलत आहे कारण त्या इंजिनात ताज्या मिश्रणातला काही भाग न जळताच सरळ सायलेन्सरमध्ये जातो. ती त्या रचनेचीच मर्यादा आहे. म्हणून २००१ सालची टू-स्ट्रोक स्कूटर चुकून फोर-स्ट्रोक म्हणून नोंदली गेली तर ५२०० पीपीएमला ती नापास होईल. नीट नोंदली तर तेच इंजिन, तोच आकडा, आणि पास.

डिझेलला धुराची घनता मोजतात. बीएस चारच्या आधीच्या गाडीला मर्यादा ६५ हार्ट्रिज युनिट, म्हणजे के मूल्य २.४५ प्रति मीटर. बीएस चारला ५० आणि १.६२. हे दोन आकडे एकाच गोष्टीची दोन मापं आहेत, फक्त हार्ट्रिजमध्ये ४३ सेंटीमीटर लांबीच्या नळीतून किती प्रकाश अडला ते धरतात. स्लिपवर कुठलं माप छापलंय ते बघूनच तुलना करा. के मूल्याचा २.१ हा आकडा ६५ शी ताडून "किती छान गाडी" म्हणणारे मी पाहिलेत.

आता सगळ्यात जास्त गोंधळ होतो ती जागा. बीएस दोन देशभर एकाच दिवशी आलं नाही. दिल्ली परिसर, मुंबई, कोलकाता आणि चेन्नईत ते २००० ते २००१ च्या दरम्यान आलं, आणि संपूर्ण देशात १ एप्रिल २००५ ला. बीएस तीनचंही तसंच, मोठ्या शहरांत २००५, देशभर २०१०. त्यामुळे २००२ सालच्या एकाच मॉडेलच्या दोन कार शेजारी उभ्या असतील, एक मुंबईत विकलेली आणि एक लहान गावात, तर पहिलीला सीओची मर्यादा ०.५ आणि दुसरीला ३ असू शकते. सहापटीचा फरक! जुनी गाडी दुसऱ्या शहरातून विकत घेतली असेल तर हे पहिल्यांदा तपासा.

आरसीवर दोन तारखा असतात, उत्पादनाची आणि नोंदणीची. मर्यादा गाडी कधी आणि कुठल्या मानकाप्रमाणे बनली यावर ठरते, म्हणून नोंदणीची तारीख धरून बसू नका. पंधरा वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण झालं की नव्या कार्डावर तिसरीच तारीख येते, आणि घाईत तीच वाचली जाते. आता पीयूसी केंद्राचं यंत्र वाहन पोर्टलवरून माहिती उचलतं, पण जुन्या गाड्यांच्या कागदी नोंदी नंतर संगणकात भरल्या गेल्यात आणि मानकाच्या रकान्यात पुष्कळदा "उपलब्ध नाही" असंच दिसतं. घरबसल्या ॲपवर आपल्या गाडीची नोंद उघडून इंधन, उत्पादनाचा महिना आणि मानक बघून घ्या. चूक असेल तर ती आरटीओत दुरुस्त होते, मेकॅनिककडे नाही.

आमच्या गाडीचं नेमकं हेच झालं होतं. १९९८ ची गाडी, मर्यादा ३ टक्के. स्लिपवर मात्र मर्यादेच्या रकान्यात ०.५ छापलेलं होतं, कारण माहिती भरताना नूतनीकरणाचं वर्ष घातलं गेलं. मी फक्त आपला आकडा बघत राहिलो, शेजारची मर्यादा वाचलीच नाही. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या वाटेत धूर शुद्ध करणारा डबा) नसलेल्या कार्ब्युरेटरच्या इंजिनाला ०.५ वर आणायला आम्ही दोन सर्व्हिसिंग केली.

जून २०२१ पासून नापास गाडीला कारणासह रिजेक्शन स्लिप द्यायची तरतूद आहे. ती मागून घ्या आणि जपून ठेवा. बिघाडाचं निदान सगळं त्या कागदावरूनच होतं.

स्लिपवरचे चार आकडे

सीओ आणि एचसी सगळे बघतात. शेजारी कार्बन डायऑक्साइड आणि ऑक्सिजनही छापलेले असतील तर ते त्याहून कामाचे. आमच्या गाडीचं पहिलं माप होतं: सीओ ३.८, एचसी ५४०, कार्बन डायऑक्साइड ११.६, ऑक्सिजन ०.९. स्क्रू आत पिळल्यावर: सीओ ०.६, एचसी १९००, कार्बन डायऑक्साइड ११.९, ऑक्सिजन ४. सीओ पडला, पण एचसी साडेतीनपट झाला आणि मर्यादेबाहेर गेला. पेट्रोल इतकं कमी केलं की आयडलवर काही फायरिंग चुकायला लागली आणि न जळलेलं पेट्रोल सरळ बाहेर आलं. बिघाड तसाच राहिला, फक्त या रकान्यातून त्या रकान्यात गेला.

सीओ जास्त आणि ऑक्सिजन नगण्य असेल तर इंजिन पेट्रोल जास्त पितंय, किंवा त्याला हवा कमी मिळतेय. एचसी जास्त आणि ऑक्सिजनही जास्त असेल तर ठिणगी चुकतेय, नाहीतर इनटेक मॅनिफोल्डला कुठेतरी जास्तीची हवा शिरतेय. सीओ आणि एचसी दोन्ही जास्त असतील तर आधी पेट्रोल कमी करून पुन्हा मोजा, एचसी बऱ्याचदा मागोमाग उतरतो.

सीओ आणि कार्बन डायऑक्साइडची बेरीज करून बघा. ठणठणीत फोर-स्ट्रोक पेट्रोल इंजिनात ती चौदा-पंधराच्या जवळ येते. नऊ-दहा आली तर सायलेन्सरला भोक आहे, प्रोब (सायलेन्सरमध्ये घालायची यंत्राची नळी) पुरेसा आत गेलेला नाही, किंवा फायरिंग चुकतंय. अशा मापावरून काहीच ठरवू नका. भोक असलेल्या सायलेन्सरवर मुद्दाम पीयूसी काढणारे आहेत. ती फसवणूक आहेच, शिवाय तो धूर गाडीच्या तळातून आत बसलेल्यांच्याच नाकात जातो.

कार्ब्युरेटरची गाडी

स्क्रूला शेवटी हात लावा. पहिलं काम एअर फिल्टरचं झाकण काढणं. आमच्याकडे तिथेच सापडलं. इंजिन पूर्ण तापलेलं, डॅशबोर्डवरचं चोकचं (थंड इंजिन सुरू करताना हवा अडवून पेट्रोल वाढवणारं) बटण पूर्ण आत, आणि तरी कार्ब्युरेटरच्या तोंडावरची चोकची पाकळी उभी झालेली नव्हती. बोटाने ढकलली तर थोडी सरकली आणि सोडल्यावर परत आली. चोकची केबल आतून गंजून जाड झाली होती आणि शेवटचे तीन-चार मिलिमीटर येतच नव्हती. म्हणजे गाडी कायम थोड्या चोकवर चालत होती. केबल बदलली, पाकळीची दांडी साफ केली, स्क्रूला हात न लावता सीओ ३.८ वरून २.९ वर आला. ३ च्या मर्यादेत बसला, पण जेमतेम.

उरलेलं कारण इंजिन ऑइलमध्ये होतं. डिपस्टिक काढून वास घेतला तर पेट्रोलचा स्वच्छ वास. महिनोन् महिने जास्तीचं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतींवरून खाली ऑइलमध्ये उतरलं होतं. इंजिन तापलं की ते वाफ होऊन ब्रीदरच्या पाइपातून परत इनटेकमध्ये येतं, आणि तुम्ही कितीही ट्यूनिंग करा, सीओ उतरत नाही. ऑइल आणि फिल्टर बदलून शंभरेक किलोमीटर गाडी चालवली, मग ॲनालायझर लावून स्क्रू बसवला. सीओ १.८, एचसी ४८०. गाडी सिग्नलला गप्प उभी राहायला लागली.

याच्या जोडीला बघायच्या गोष्टी: फ्लोट चेंबरची नीडल पेट्रोल पूर्ण अडवते का, पेट्रोलची लेव्हल वर तर नाही ना, घासून मोठा झालेला जेट (पेट्रोल मोजून सोडणारं बारीक भोक), आणि "मायलेज चांगलं मिळतं" म्हणून कुणीतरी बदललेला जेट. एचसी जास्त असेल तर प्लग, कॉन्टॅक्ट पॉइंटची फट, कंडेन्सर, टायमिंग, टॅपेट याच क्रमाने जा. इनटेकची गळती शोधायची तर आयडलवर मॅनिफोल्डच्या जोडांवर नुसतं पाणी थोडं थोडं शिंपडा. आयडल बदललं की जागा सापडली. पेट्रोल किंवा क्लीनर शिंपडू नका, तापलेल्या इंजिनावर आग लागते.

इथेनॉलमिश्रित पेट्रोलचा वेगळा विचार करायला हवा. शुद्ध पेट्रोलला पूर्ण जळायला वजनाने साधारण १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला फक्त ९ पट. जुन्या कार्ब्युरेटरला हे कळत नाही, तो जेटच्या मापानेच इंधन सोडतो. म्हणून वीस टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलवर हवा-इंधनाचं मिश्रण आपोआप पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं, सीओ कमी दिसतो आणि आयडलवर एचसी वर सरकू शकतो. आधीच पातळ केलेला स्क्रू आणि वर हे इंधन, म्हणजे फायरिंग चुकणारच. दुसरीकडे जुन्या रबराच्या सील आणि डायफ्रामना इथेनॉल मानवत नाही. ते फुगले किंवा कडक झाले की ओव्हरफ्लो सुरू होतो आणि मग सीओ चढतो. कार्ब्युरेटर किट बदलताना इथेनॉल चालेल असंच रबर मागा.

इंजेक्शनच्या जुन्या गाड्या

२००० ते २०१० मधल्या बीएस दोन आणि तीनच्या इंजेक्शनच्या गाड्यांना ०.५ ची मर्यादा कन्व्हर्टरच्या भरवशावर दिलेली आहे. कन्व्हर्टर काम करायला साधारण तीनशे अंशांच्या आसपास तापावा लागतो. रांगेत वीस मिनिटं इंजिन बंद करून उभी असलेली गाडी सरळ प्रोबला लावली तर चांगली गाडीसुद्धा नापास होते. वीसेक मिनिटं चालवून न्या, आणि नंबर येण्याआधी दोन-तीन मिनिटं २५०० आरपीएमवर रेस धरा.

तरीही सीओ जास्त येत असेल तर कन्व्हर्टर बदलायची घाई करू नका, तो महाग असतो आणि दोष बहुतेक वेळा त्याच्या आधीच्या कशात तरी असतो. माझा पहिला संशय थर्मोस्टॅटवर (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा वॉल्व) जातो. गाडी गरम होते म्हणून मेकॅनिकने केव्हातरी "वॉल्व" काढून टाकलेला असतो, आणि मालकाला ते माहीतही नसतं. मग इंजिन कधीच पुरतं तापत नाही, कंप्युटरला वाटतं इंजिन अजून थंडच आहे, आणि तो दिवसभर जास्तीचं पेट्रोल देत राहतो. तापमानाचा काटा हायवेवर खाली घसरत असेल तर हेच समजा. शंभरात एखाद्या गाडीला थर्मोस्टॅट काढायचं खरं कारण असेल. बाकीच्यांना रेडिएटर साफ करायचा होता.

दुसरा संशय ऑक्सिजन सेन्सरवर. तो जुना होऊन मंद होतो आणि मिश्रण सावरणं उशिरा होतं. पण सेन्सर बदलण्याआधी त्याच्या अलीकडचा एक्झॉस्ट तपासा. मॅनिफोल्डच्या गॅस्केटला बारीक गळती असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला ऑक्सिजन दिसतो, आणि मिश्रण पातळ झालंय असं समजून कंप्युटर पेट्रोल वाढवतो. सेन्सर बिचारा खरं सांगत असतो. सकाळी थंड इंजिनावर "टक टक टक" असा आवाज येऊन गरम झाल्यावर बंद होत असेल तर गळती तिथेच आहे.

हे सगळं नीट असून एचसी आणि सीओ दोन्ही वर असतील तर कन्व्हर्टर गेला. का गेला ते शोधूनच नवा बसवा. ऑइल जाळणारं किंवा फायरिंग चुकवणारं इंजिन नव्या कन्व्हर्टरचीही तीच गत करेल.

डिझेल

डिझेलच्या तपासणीत गाडी न्यूट्रलला ठेवून पेडल पूर्ण दाबतात आणि गव्हर्नर (इंजिनाचा वेग आवरणारा भाग) रोखेल तिथपर्यंत रेस नेतात, तेही पाठोपाठ अनेकदा. टायमिंग बेल्टची मुदत संपलेली असेल किंवा ऑइल कमी असेल तर आधी ते बघा. या चाचणीत बेल्ट तुटला तर इंजिन जातं.

नुसत्या शहरात हळू चाललेल्या डिझेलच्या सायलेन्सरमध्ये काजळी साचते आणि पहिल्या दोन-तीन रेसला ती सगळी मशीनमध्ये येते. आदल्या दिवशी अर्धा-पाऊण तास मोकळ्या रस्त्यावर चढत्या लोडने चालवलेली गाडी बरीच स्वच्छ माप देते. यात लबाडी नाही. तपासणीच्या पद्धतीतही आधी रेस देऊन नळी साफ करायची आणि ऑइल ६० अंशांपर्यंत तापवायचं असं आहेच, फक्त घाईत ते होत नाही. तुम्ही तसं करायला सांगू शकता.

मग धुराचा रंग. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी: एअर फिल्टर, टर्बोचा फाटलेला होज, नोझलचं प्रेशर. आणि पंपाचा फ्युएल स्क्रू. माल ओढायला जोर हवा म्हणून तो कुणीतरी वाढवून ठेवलेला असतो, सील तुटलेलं दिसेल. तो पंपवाल्याकडून बेंचवरच बसवून घ्यायचा, गाडीवर अंदाजाने नाही. निळा धूर ऑइलचा. पांढरा धूर गरम इंजिनावरही येत राहिला तर टायमिंग, कॉम्प्रेशन किंवा हेड गॅस्केट.

किट बसवलेली किंवा इंजिन बदललेली गाडी

सीएनजी किट आरसीवर चढलेलं नसेल तर गाडी चुकीच्या इंधनाखाली तपासली जाते आणि आकड्यांना अर्थ राहत नाही. सीएनजीच्या धुरात मिथेन जास्त असतो, म्हणून मोजलेल्या एचसीला ०.३ ने गुणून मर्यादेशी ताडतात. पेट्रोल म्हणून नोंद असेल तर हा गुणाकार होत नाही. इंजिन बदललं असेल तर त्याची मंजुरी आणि आरसीवरची नोंद आधी, पीयूसी नंतर.

जुन्या गाडीचं प्रमाणपत्र सहा महिन्यांचं असतं, बीएस चार आणि सहाचं वर्षभराचं. म्हणजे जुन्या गाडीच्या मालकाला वर्षातून दोनदा चार आकडे मिळतात. मी आता गाडीच्या सर्व्हिस बुकात दर वेळी सीओ, एचसी, तारीख, किलोमीटर आणि त्याआधी काय काम झालं ते लिहितो. गेल्या वेळी सीओ १.८ वरून २.३ झाला होता. पास होता, तरी झाकण उघडून बघितलं. एअर फिल्टर धुळीने भरलेला निघाला.

आणि हे सगळं करूनही गाडी मर्यादेत येत नसेल तर स्क्रू सोडा आणि कॉम्प्रेशन मोजून घ्या. कोरडं माप घ्या, मग प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून परत घ्या. आकडा चढला तर रिंग गेल्यात, नाही चढला तर वॉल्व. तिथून पुढचं काम हेड उघडणाऱ्याचं आहे.